सेंट्रल लॉकिंग : तीन दरवाजे लागतात, पुढचा डावा लागत नाही

मुळशीकर
जाणकारांचा सल्ला हवाय. गाडी हॅचबॅक, पेट्रोल, दहा वर्षांची. सेंट्रल लॉकिंग कंपनीचंच, रिमोटवर चालणारं. पाऊस सुरू झाल्यापासून बटण दाबलं की तीन दरवाजे लागतात आणि पुढच्या डाव्या दरवाजाची खुंटी वरच राहते. कधी लागतो, कधी नाही. हाताने दाबली तर खुंटी अगदी सहज बसते.

गॅरेजमध्ये दाखवली. दरवाजाचं पॅडही न काढता त्यांनी सांगितलं की अख्खं लॅच बदलावं लागेल, त्याने नाही भागलं तर बीसीएम. दोन्हींचा मिळून आकडा ऐकला आणि गाडी परत घेऊन आलो. खर्चाला ना नाही, पण कशावर करतोय ते आधी समजून घ्यायचंय. लॅच म्हणजे नेमकं काय, बीसीएम काय करतो आणि चारातला एकच दरवाजा का बिघडावा?

ता.क. त्याच दरवाजाची काच परवा मध्येच थांबली होती, नंतर आपोआप चालू झाली. ते दुखणं वेगळं असावं.

अनघा_नाशिक
आधी फ्यूज बघा. आमच्या गाडीत फ्यूजच गेला होता, पन्नास रुपयांत काम झालं.

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली
अनघाताई, फ्यूज गेला असता तर सगळेच दरवाजे बंद पडले असते. इथे तीन चालतात, म्हणजे फ्यूज ठीक आहे, रिमोट ठीक आहे आणि बीसीएमही हुकूम सोडतोय. दुखणं एका दरवाजापुरतं आहे.

मुळशीकर, तुमची ता.क.ची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याकडे शेवटी येतो. आधी आतली रचना सांगतो, कारण ती कळली की बाकीचं तुम्हालाच सुचेल.

लॅच आणि लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरवाजा उघडा ठेवून त्याच्या कडेला बघा, एक फट दिसेल आणि तिच्यात फिरणारा पोलादी पंजा. समोर गाडीच्या खांबावर यू आकाराची जाड सळई आहे, तिला स्ट्रायकर म्हणतात. दरवाजा लावला की सळई पंजात शिरते, पंजा फिरतो आणि मागचा खटका त्याच्या खाचेत बसतो. दरवाजा धरून ठेवतो तो हा पंजा आणि खटका. यात वीज कुठेही नाही. उघड्या दरवाजात स्क्रूड्रायव्हरने पंजा हळूच फिरवून बघा, दोनदा 'टक' असा आवाज येतो. पहिला टक म्हणजे अर्धवट लागलेला दरवाजा, दुसरा म्हणजे पूर्ण. (बघून झालं की हँडल ओढून पंजा मोकळा करा आणि मगच दरवाजा लावा. नाहीतर बंद पंजा सळईवर आदळेल.)

हँडल ओढलं की रॉड किंवा केबल त्या खटक्याला बाजूला सारते, पंजा सुटतो, दरवाजा उघडतो. लॉक काय करतं? हँडल आणि खटका यांच्यामधला दुवा बाजूला करतं, एवढंच. लॉक असताना बाहेरचं हँडल हलतं, पण ओढ खटक्यापर्यंत पोचत नाही. हा दुवा हलवायला फार जोर लागत नाही. आपण बोटाने खुंटी दाबतो तेव्हा तेच करतो, आणि सेंट्रल लॉकिंगमध्ये तेच काम मोटर करते.

ही मोटर अंगठ्याएवढी असते. १२ व्होल्टची साधी डीसी मोटर आणि तिच्यापुढे प्लॅस्टिकचे गिअर, वेग कमी करून जोर वाढवायला. आपल्याकडे सगळे तिला ऍक्च्युएटर म्हणतात. जुन्या गाड्यांत ती वेगळी बसवलेली असायची आणि रॉडने लॅचला जोडलेली. आता लॅच, मोटर आणि दरवाजा उघडा की बंद ते सांगणारे छोटे स्विच, सगळं एकाच डब्यात बंद येतं. म्हणून गॅरेजवाले 'अख्खं लॅच बदला' म्हणतात, सुटी मोटर कंपनी विकतच नाही. त्यांचं तेवढं म्हणणं खरं आहे.

आता विजेचा भाग. मोटरला दोनच वायरी. लॉक करताना एकीला प्लस आणि दुसरीला मायनस, अनलॉक करताना उलट. डीसी मोटरची धन-ऋण बाजू बदलली की ती उलटी फिरते. बटण दाबलं नसताना या दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या असतात. बटण दाबलं की साधारण अर्धा सेकंद एका वायरीला १२ व्होल्ट मिळतात आणि परत अर्थ. हे उलटसुलट करणारे दोन रिले पूर्वी वेगळ्या डब्यात असत. आता बहुतेक गाड्यांत ते बीसीएममध्ये, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये असतात. इंडिकेटर, वायपर, आतले दिवे, हॉर्न असल्या कामांवर हाच डबा लक्ष ठेवतो. खूप गाड्यांत चालकाचा सोडून बाकीच्या तीन दरवाजांना लॉकचा हुकूम एकाच आउटपुटवरून, वायर वाटून जातो. तुमचे दोन दरवाजे त्या वायरीवर चालत असतील तर बीसीएमवर संशय घ्यायला जागाच नाही.

आता काच. काचेची मोटर वेगळी, स्विच वेगळा, फ्यूजही बहुधा वेगळा. तरी दोन्ही एकाच दरवाजात आणि दोन्ही अधूनमधून बंद पडतात. दोघांत सामाईक काय? पुढच्या खांबातून दरवाजात जाणारी वायरिंग. दरवाजा पूर्ण उघडून बिजागरांच्या मध्ये बघा, काळ्या रबराची घडीदार नळी दिसेल. दरवाजा उघडला-मिटला की त्या नळीतल्या वायरी वाकतात. दहा वर्षं रोज वाकल्या की आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. दरवाजा एका कोनात असला की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात आणि सगळं चालतं, दुसऱ्या कोनात सुटतात.

आधी ती नळी बघा, मग लॅचला हात लावा. लॅच विकत घ्यायची घाई करू नका.

मुळशीकर
सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. दरवाजा बंद असताना रिमोट दाबला तर लॉक होत नाही. आत्ता खाली जाऊन दरवाजा अर्धा उघडा ठेवला आणि चालकाच्या दरवाजावरच्या स्विचने लॉक केलं, तर खुंटी खाली गेली! हे नळीकडेच बोट दाखवतं ना? घरच्या घरी खात्री कशी करायची? माझ्याकडे मल्टिमीटर आहे.

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली
हो, तिकडेच.

मल्टिमीटरपेक्षा टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा छोटा बल्ब) घ्या. अर्ध्या सेकंदाचा धक्का बऱ्याच डिजिटल मीटरांना पकडता येत नाही, आकडा स्थिर व्हायच्या आत वीज गेलेली असते. बल्ब मात्र लगेच लुकलुकतो. दरवाजाचं पॅड काढा (हँडलच्या वाटीत आणि खालच्या खिशात स्क्रू लपलेले असतात, बाकी क्लिपा), लॅचचा कपलर (वायरींचा प्लग) सोडवा आणि मोटरच्या दोन वायरींमध्ये लॅम्प लावा. लॅम्पचं दुसरं टोक बॉडीला नको, दोन वायरींमध्येच. कुणाला तरी स्विच दाबायला बसवा. लॉकला एकदा आणि अनलॉकला एकदा बल्ब चमकला पाहिजे. चमकला आणि मोटर तरी फिरत नाही, तर मोटर गेली. चमकत नाही, तर वीजच तिथपर्यंत येत नाही. चमकायचा बंद झाला आणि दरवाजा हलवल्यावर पुन्हा चमकायला लागला, तर नळीतली तार तुटली.

आणि दरवाजाला कान लावून ऐका. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण खुंटी हलत नाही, तर आतला प्लॅस्टिकचा गिअर घासलाय किंवा रॉडची क्लिप सुटली. आवाजच नाही, तर वीज नाही किंवा मोटर जळाली. आवाज दमलेला, ओढल्यासारखा, तर ग्रीस वाळलंय किंवा गंज चढलाय.

कोकणकडा
गंजाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. रत्नागिरीत राहतो, गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. इथे वायरी तुटण्यापेक्षा लॅच गंजून मरतात.

पुष्कळांना वाटतं की दरवाजाच्या आत पाणी जातच नाही. प्रत्येक पावसात जातं, आणि ते गृहीत धरूनच दरवाजा बनवलेला असतो. काचेच्या बाहेरच्या अंगाच्या रबरापासून पाणी आत उतरतं, दरवाजाच्या पोकळीतून खाली येतं आणि तळाच्या कडेला असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. ही भोकं लाल मातीने बुजली की पाणी आतच साठतं, खालचा पत्रा सडायला लागतो आणि ती ओल लॅचपर्यंत चढते. पावसाळ्याआधी दरवाजे उघडून खालच्या कडेवरची भोकं बारीक काडीने मोकळी करावीत. दरवाजा हलवल्यावर आत डुबुकडुबुक ऐकू आलं तर भोकं बुजलीच आहेत.

दुसरं म्हणजे पॅड काढल्यावर आत एक प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवलेला दिसतो. पुष्कळ मेकॅनिक तो टराटरा फाडतात आणि 'त्याने काही होत नाही' म्हणतात. दरवाजातलं पाणी केबिनकडे येऊ नये म्हणून तो असतो. तो फाटला की पॅड भिजतं, स्विचवर आणि कपलरवर पाणी उतरतं, पायाशी मॅट ओली होते आणि मग लोक छत गळतंय म्हणून शोधत बसतात. मुळशीकर, पॅड काढाल तेव्हा हा कागद हळू सोडवा आणि त्याच काळ्या चिकट पट्टीवर नीट दाबून परत बसवा.

गॅरेज_गप्पा
इतका खटाटोप कशाला? बाजारात दोन वायरींचा ऍक्च्युएटर काही शे रुपयांत मिळतो. पॅड काढायचं, रॉडला जोडायचा, निळी आणि हिरवी वायर लावायची, काम फत्ते. जुन्या गाड्यांत आम्ही असेच किट बसवत आलोय.

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली
ज्या गाडीला मुळात सेंट्रल लॉकिंग नव्हतं तिथे ते किट उत्तम चालतं. चालकाच्या दरवाजात पाच वायरींची मोटर (दोन मोटरच्या, तीन आतल्या स्विचच्या, त्यामुळे चालकाने खुंटी दाबली की बाकीच्यांना कळतं) आणि इतर दरवाजांत दोन वायरींच्या. मीही असे किट शेकड्याने बसवलेत.

इथे मात्र ते करू नये. एक तर वायर नळीत तुटली असेल तर नवी मोटरही तिथेच अडकेल. दुसरं, कंपनीच्या लॅचमध्ये दरवाजा उघडा आहे का ते सांगणारा स्विच असतो, त्यावर आतला दिवा आणि मीटरवरची खूण चालते. मूळ मोटर तशीच ठेवून शेजारी दुसरी लावली तर प्रत्येक वेळी एका मोटरला दुसरीचे गिअर ओढावे लागतात आणि दोघींचं आयुष्य घटतं.

याच स्विचवरून आठवलं, एक नेहमीची तक्रार अशी असते की लॉक दाबलं की सगळे दरवाजे लागतात आणि लगेच स्वतःहून उघडतात. तिथे लोक रिमोट बदलतात. बहुतेक वेळा चालकाच्या दरवाजातला स्विच खोटं बोलत असतो. दरवाजा बंद असूनही बीसीएमला तो उघडा दिसतो, आणि चावी आत राहू नये म्हणून बीसीएम सगळं परत उघडतो.

अनघा_नाशिक
माझा मुलगा मागे बसून लॉकचं बटण सारखं दाबत राहतो, मग थोडा वेळ लॉक चालतच नाही, नंतर आपोआप चालतं. हे पण वायरीमुळेच का?

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली
नाही ताई, ते संरक्षण आहे. बऱ्याच मोटरांत उष्णतेने अडथळा वाढणारा एक छोटा भाग असतो. मोटर तापली की तो वीज रोखतो, गार झाली की सोडतो. काही गाड्यांत बीसीएमच मोजतो आणि थोड्या वेळात फार वेळा दाबलं तर गप्प बसतो. काही मिनिटं थांबा, बिघाड नाहीये.

रेडिओवाला
रिमोटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो.

आपल्याकडच्या आणि युरोपातल्या बहुतेक रिमोट चाव्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. अमेरिकेत आणि जपानमध्ये ३१५ जास्त दिसतं, त्यामुळे तिकडची चावी रूप सारखं असलं तरी इथे चालेलच असं नाही. चावी प्रत्येक वेळी तोच संकेत पाठवत नाही. आत एक मोजणी चालू असते, दर दाबण्याला ती एकाने वाढते आणि गुप्त किल्लीने कूटबद्ध होऊन जाते. म्हणून कुणी एकदा ऐकून तोच संकेत पुन्हा वाजवला तर गाडी मानत नाही. कीलॉक नावाच्या जुन्या पद्धतीत गाडी पुढचे १६ संकेत सहज स्वीकारते. खिशात बटण त्याहून जास्त वेळा दाबलं गेलं असेल तर लागोपाठ दोन योग्य संकेत आल्यावर ती जुळवून घेते. म्हणून एकदा दाबून न उघडल्यास गाडीजवळ जाऊन पुन्हा दाबा.

रिमोटचा पल्ला कमी झाला तर आधी सेल बदला. बहुतेक चाव्यांत ३ व्होल्टचा गोल सेल असतो, क्रमांक त्याच्यावरच छापलेला असतो. सेल संपला तरी इंजिन चालू होण्यात अडचण येत नाही, कारण इमोबिलायझरची, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची चिप वेगळी आहे. तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून ऊर्जा मिळते. बटण स्टार्टच्या गाडीत म्हणूनच सेल संपलेली चावी बटणाला टेकवायला सांगतात.

खिशातली चावी न काढता उघडणाऱ्या गाड्यांत आधी गाडी १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते आणि चावी ४३३ वर उत्तर देते. ही हाक मीटर-दीड मीटरच पोचते. चोर ती हाक यंत्राने लांब नेतात, म्हणजे घरात टांगलेल्या चावीपर्यंत, आणि गाडीला वाटतं चावी शेजारीच आहे. चावी दाराजवळच्या खुंटीवर न टांगता झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवली तर हे टळतं. साध्या रिमोटवाल्यांनी पार्किंगमध्ये लॉक दाबल्यावर इंडिकेटर चमकला का ते बघूनच निघावं. त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट सोडून लॉकचा संकेत बुजवायची युक्ती चोरांना माहीत आहे.

बर्फातला_मावळा
टोरांटोहून. इथे हिवाळ्यात लॉकपेक्षा पंजाच गोठतो. दरवाजा उघडतो आणि मग लागतच नाही, कारण मोकळा पंजा बर्फाने तिथेच धरलेला असतो. गरम पाणी ओतू नये, ते मिनिटांत पुन्हा गोठतं आणि काचेलाही तडा जाऊ शकतो. अल्कोहोलचा स्प्रे मारतात, आणि थंडीआधी पंजात पांढरं लिथियम ग्रीस.

वर्षा_ठाणे
सगळं वाचलं, पण ज्याची मला काळजी वाटते ते आलं नाही म्हणून लिहिते. २६ जुलै २००५ ला मी मुंबईत होते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि गाडीत अडकून माणसं गेली. तेव्हापासून लोक एकच वाक्य बोलतात की 'सेंट्रल लॉक जाम झालं'. माझ्या घरात सेंट्रल लॉकिंगची भीती बसलीय. खरंच वीज गेली की माणूस आत कोंडला जातो का?

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली
वर्षाताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात गरजेचा आहे.

वीज गेली तर मोटर फिरणार नाही. पण आतलं हँडल आणि खुंटी रॉडने किंवा केबलने थेट लॅचला जोडलेली असतात, त्यांना वीज लागत नाही. बऱ्याच गाड्यांत पुढचं आतलं हँडल एकदा ओढलं की लॉक सुटतं, दुसऱ्यांदा ओढलं की दरवाजा उघडतो. मागच्या दरवाजांत आधी खुंटी वर करावी लागते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना सेंट्रल लॉकिंग हाताने सोडवायची सोय सक्तीची झाली. त्याच नियमांत चालकाची एअरबॅग, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर आले.

पाण्यात दरवाजा उघडत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा लॉक नसतं, बाहेरच्या पाण्याचा दाब असतो. पाणी काचेच्या खालच्या कडेपर्यंत आलं की दरवाज्यावर शेकडो किलोंचा भार येतो. लॉक उघडं असलं तरी माणसाला तो ढकलता येत नाही. म्हणून पाण्यात गाडी अडकली तर पहिलं काम काच खाली करणं. वीज असेपर्यंत काच उतरते, तेवढ्यात उतरवा आणि खिडकीतून बाहेर पडा. दरवाजाशी झटापट करत बसू नका. काच उतरत नसेल तर टोकदार हातोडीने बाजूच्या काचेचा कोपरा फोडा, मधला भाग नाही. पुढची काच फोडायचा प्रयत्न करू नका, तिच्यात प्लॅस्टिकचा थर असतो, ती तडकते पण सुटत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात. काचेच्या कोपऱ्यातल्या छापावर ते लिहिलेलं असतं, आजच बघून ठेवा. आणि हातोडी डिकीत ठेवू नका, हाताला लागेल अशी ठेवा.

चाइल्ड लॉक वेगळं. मागच्या दरवाजाच्या कडेला छोटी कळ असते, ती फिरवली की आतल्या हँडलचा लॅचशी संबंधच तुटतो. खुंटी वर केली तरी आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडतं. त्याचा सेंट्रल लॉकिंगशी काही संबंध नाही. मुलं मोठी झाली की ती कळ मोकळी करा, कारण मागे बसलेल्या आजी-आजोबांना संकटात ती गोष्ट माहीत नसते.

अपघातात एअरबॅग उघडली की बऱ्याच गाड्यांत बीसीएमला संकेत जातो आणि सगळे दरवाजे अनलॉक होतात, बाहेरच्या माणसाला मदत करता यावी म्हणून. पण बॅटरीच तुटली तर ते होणार नाही, म्हणून हाताची वाट घरातल्या प्रत्येकाला यायलाच हवी. चालकाच्या दरवाजाला चावीचं भोक असतं (काही गाड्यांत हँडलच्या टोपणाखाली लपलेलं), आणि रिमोट चावीत पोलादी पातं असतं. ते काढून, भोकात घालून, एकदा दरवाजा उघडून बघा. कित्येक गाड्यांत ते भोक वर्षानुवर्षं न वापरल्याने गंजून बसलेलं असतं आणि बॅटरी उतरते त्याच दिवशी ते कळतं.

वर्षा_ठाणे
खूप आभार. आणखी एक भर घालते, उन्हात मूल आणि चावी दोन्ही आत राहिली तर चावीवाल्याची वाट बघू नये. बंद गाडीतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढतं, काच किंचित खाली असली तरी फार फरक पडत नाही. मुलापासून सगळ्यात लांबची काच फोडावी. काच नवी मिळते.

मुळशीकर
अपडेट. मित्राला बसवून टेस्ट लॅम्प लावला. दरवाजा बंदच्या जवळ आणला की बल्ब मरतो, अर्धा उघडला की चमकतो. नळी दोन्ही टोकांनी सरकवली. हिरव्या रंगाची वायर हाताने ओढली तर प्लॅस्टिक रबरासारखं लांबलं, आत तांबं नव्हतंच. शेजारची काचेची जाड वायर अर्धी तुटलेली, काही तारा शिल्लक. लॅचला काहीही झालेलं नाही. आता जोडायचं कसं? सॉल्डर करून टेप मारू का?

ऑटोइलेक्ट्रिक_सांगली
नळीच्या आत सॉल्डर नको. सॉल्डर केलेला भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते. तुटका तुकडा दोन्ही बाजूंनी कापून टाका, त्याच जाडीची, बारीक तारांची लवचीक वायर थोडी जास्त लांबीची घ्या. जोड नळीच्या बाहेर, एक खांबाच्या आत आणि एक दरवाजाच्या आत, क्रिम्प करून (धातूच्या जोडात दाबून) वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची बाही) चढवा. दोन वायरींचे जोड एकाच जागी आणू नका, मागेपुढे ठेवा. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची मायनस काढा, कारण त्याच नळीतून स्पीकर आणि आरशाच्या वायरी जातात. नळी परत बसवताना तिचं ओठासारखं टोक पत्र्यात पूर्ण बसलं का ते बोट फिरवून बघा, नाहीतर पाणी थेट पायाशी येईल. आणि चालकाच्या बाजूची नळीही आत्ताच सरकवून बघा, तो दरवाजा तर दुप्पट उघडला जातो.